इथे लाथ मिळत नाही

माझी लेक पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याकडून न येता पायांकडून आलेली. आमच्या भागात पायाळू माणसाला दोन गोष्टी जन्मभर चिकटतात. आभाळ गडगडलं की त्याला कुणी अंगणात उभं राहू देत नाही, कारण वीज म्हणे त्यालाच हुडकत येते. आणि कुणाच्या कमरेत उसण भरली की तो वाकडातिकडा होत पायाळूच्या दारात येतो, पाठ करून बसतो आणि म्हणतो, हाण लाथ. लाथ बसली की उसण गेलीच पाहिजे.

आता माझी लेक झाली सिझरनं, त्यामुळं आमच्या आळीत आठवडाभर वाद चालला की सिझरचं पायाळू धरायचं का नाही. एकीचं म्हणणं, पोट फाडून काढलं तिथं पाय आधी काय न् डोकं आधी काय. दुसरी म्हणाली, डॉक्टरनं पाय धरून वडलं आसंल तर पायाळूच. तिसरीनं तर थेट मलाच विचारलं, “तुला काय आठवतं का गं, आधी काय भायेर आलं?” मी म्हटलं, “मावशी, कमरेखाली भूल होती आणि मधे हिरवा पडदा. पुढच्या बारीला तुम्हीच आत उभ्या राहा.” शेवटी आळीनं ठरवून टाकलं की लेक पायाळू आहे आणि तिची लाथ लागू पडेल. आमच्या ग्रामसभेत इतक्या झटपट कधी काही ठरलेलं मला आठवत नाही.

मला हसू यायचं आणि रागही यायचा. माझ्या आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून घोडनदीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात मुहूर्त नाही, उपास नाही. मी पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, आणि विळी माझ्यापुढं सरकवली ती खुद्द आत्याबाईंनी. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. एवढं सगळं घराबाहेर गेलं, पण पायाळू मात्र उंबऱ्यावर पाय रोवून बसला तो बसलाच.

लेक तीन दिवसांची असताना मंचरच्या दवाखान्यात बाळांच्या डॉक्टरांनी तिचे गुडघे धरून मांड्या हळूच बाहेरच्या अंगाला वळवल्या. डाव्या बाजूला काहीतरी खट् झालं. मला ऐकू आलं नाही, पण डॉक्टरांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

पुण्याला माझ्याबरोबर आक्का आल्या. आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्या लंगडतात. डावा पाय टेकला की अंग डावीकडं झुकतं, पहिलं पाऊल टाकलं तेव्हापासून. दोन स्थळं आली ती चालणं बघून गेली, तिसरं आलं ते तीन पोरांचं बिजवर, त्याला आक्कांनीच दार दाखवलं. तेव्हापासून त्या माझ्या सासरीच आहेत, आणि माझ्या शिलाईच्या दुकानात हुक, काज, फॉल त्यांच्याकडं असतं. मला आई नाही, म्हणून बाळंतपणात बरोबर यायला त्याच.

हाडांच्या डॉक्टर माझ्याहून लहान दिसत होत्या. सोनोग्राफी बघून म्हणाल्या, “हिचा डावा खुबा निसटतोय. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या खोबणीत बसायला हवा. हिची खोबण उथळ राहिलीय.”

“माझं काही चुकलं का?” माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. आजही त्याचा मला राग येतो. बाईच्या तोंडून पहिलं हेच का निघावं?

“नाही हो. ही पोटात पाय ताठ वर करून, पावलं तोंडाशी घेऊन बसली होती. पाय दुमडून झाडायला जागाच नाही. गोळा खोबणीत नीट बसून फिरत राहिला तर खोबण खोल होत जाते. तसा तो फिरलाच नाही, तर ती खोल कशी होणार?” मग कागदावर काही लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “घरात कुणी लंगडतं का?”

आक्का पिशवी घेऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, “मी.”

डॉक्टरांनी त्यांना पाच पावलं चालायला लावलं. विचारलं, लहानपणी पाय सरळ करून बांधून ठेवायचे का. आक्का म्हणाल्या, “आमच्याकडं समद्यांचंच बांधत्यात.” डॉक्टरांनी मान हलवली. त्यानंच झालं असं म्हणता येत नाही, म्हणाल्या, हे घराण्यातूनही येतं, मुलींमध्ये जास्त असतं. पण खुबा सैल असलेल्या बाळाचे पाय ताठ बांधले तर गोळा बाहेर ढकलला जातो.

मग त्यांनी लेकीला पट्टा घातला. खांद्यावरून दोन पट्ट्या, छातीभोवती एक, आणि तिथून पायांना खाली न सोडणाऱ्या दोन लगामासारख्या. पाय गुडघ्यात दुमडलेले आणि दोन बाजूंना फाकलेले, बेडकासारखे. “दिवसरात्र ठेवायचा. अंघोळीलासुद्धा काढायचा नाही, पुसून घ्यायचं. आत्ता तिथं सगळं कोवळं आहे, वळेल. वेळ गेली तर भूल देऊन प्लास्टर, त्यानंही नाही झालं तर ऑपरेशन. आणि काहीच केलं नाही तर...” आक्कांकडं बघून त्या थांबल्या. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती.

दर आठवड्याला पट्टा तपासायला पुण्याला जायचं होतं. दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलंच, “मॅडम, पोटात हे सगळं बेततं कोण?” मी लेडीज टेलर. मंचरला एसटी स्टँडजवळ माझं दुकान. सपाट कापडाला गोलाई आणायची, हा माझा रोजचा धंदा. टक्स घ्यायचे, चुण्या घ्यायच्या, तेव्हा कुठं ब्लाउज अंगावर बसतो. आणि इथं तर कात्री नाही, खडू नाही, अंधारात नाक, कान, बोटं सगळं तयार होऊन येतं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. बहुतेक त्यांना असं कुणी विचारत नसावं. म्हणाल्या, सुरुवातीला बाळ म्हणजे पेशींचे सपाट थर. कापणारा कुणी नाही. पेशीच एकमेकींना ओढतात, ढकलतात, आणि ओढ बसली की ती त्यांना कळते, तशा त्या वागतात. वरच्या थरातल्या मधल्या पेशी वरच्या अंगाला स्वतःला आवळून घेतात.

“नेफ्यातली नाडी ओढल्यासारखं?”

“अगदी तसंच. मग थराला घडी पडते, दोन्ही कडा वर येतात, एकमेकींना चिकटतात आणि नळी होते. तिचाच पुढं मेंदू होतो, पाठीचा कणा जिला सांभाळतो ती दोरी होते.”

“आणि शिवण?”

“शिवण लागत नाही. कडाच सांधल्या जातात.” मग म्हणाल्या, काळीज पुरतं घडायच्या आधीच धडधडायला लागतं, आणि वाहत्या रक्ताच्या रेट्यानं त्याचे कप्पे नीट घडत जातात. खुब्याचा गोळा आणि खोबण आधी एकाच तुकड्यात असतात. मधे फट पडते, बाळ हातपाय झाडायला लागतं, आणि त्या झाडण्यानं सांधा आकाराला येतो. जे बाळ पोटात हलूच शकत नाही, त्याचे सांधे आखडलेले राहतात.

मी येताना एसटीत बसून हाच विचार करत होते. मशीनवर बसलं की पोटात लाथा बसायच्या तेव्हा मी म्हणायचे, काय हा धिंगाणा. धिंगाणा नव्हता तो, पोरगी स्वतःचं अंग घडवत होती. आणि जिथं तिला पाय मारायला जागा मिळाली नाही तिथलं काम अर्धं राहिलं. एवढंच. यात कुणाचं पाप नाही, कुणाची दृष्ट नाही, नशीब तर मुळीच नाही. ओढ कमी पडली, तर आता आपण बाहेरून देऊ. मला इतका जोर आला होता की आमच्या गावच्या फाट्यावर, कळंबला उतरताना कंडक्टर म्हणाला, “ताई, हळू, लेकरू हाय कडंला.”

घरी आत्याबाई वाट बघत होत्या. आमच्या आळीतली निम्मी पोरं त्यांच्या हातून न्हालेली. पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायचे, पोराला पायांवर घ्यायचं, तेल जिरवायचं, कढत पाणी घालायचं, पोराचे पाय ओढून ओढून सरळ करायचे आणि मग लुगड्याच्या फडक्यात पायापासून छातीपर्यंत असं करकचून बांधायचं की पोर दिवसभर निपचित. त्यांचा हातगुण मोठा, असं सगळ्या बाया म्हणायच्या. आणि त्यांच्या स्वतःच्या नातीला अंघोळ नाही!

“आजून काढलं न्हाई व्हय ह्ये जू पोरीचं?” त्या म्हणाल्या. “पोरीच्या जातीचं पाय आसं फाकून ठिवायचं व्हय? फेंगडी व्हईल ना.”

“होऊ दे फेंगडी. लंगडी तर नाही ना होणार!”

तोंडातून गेलं. चुलीपाशी आक्का भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला आणि परत सुरू झाला. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. नंतर मी माफी मागायला गेले तर आक्का म्हणाल्या, “माज्यापशी काय मागती? तू पट्टा सांभाळ.”

दोन महिने झाले, माझे टाके बरे झाले, लग्नसराई तोंडावर आली. गिऱ्हाइकं फोनवर फोन करत होती. मी आणि आक्का दुपारपर्यंत दुकानात जायला लागलो. लेक आत्याबाईंजवळ. पट्ट्याला हात लावायचा नाही, हे मी त्यांना रोज निघताना सांगायचे आणि त्या रोज म्हणायच्या, “कळलं, कळलं.”

एक दिवस मापांची वही घरी राहिली म्हणून आम्ही दोघी अर्ध्या तासात परत आलो. दारातूनच लेकीचं किंचाळणं ऐकू आलं. आत बघते तर वाकळेवर तात्या पालथे पडलेले, सदरा वर खांद्यापर्यंत. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, आमच्या विहारातले मोठे वक्ते. अंधश्रद्धेवर बोलायला लागले की माईक सोडत नाहीत. आत्याबाईंनी लेकीला काखेत धरलेलं, तिचे उघडे पाय सरळ ओढून तात्यांच्या कमरेवर आपटत होत्या. पट्टा खुंटीला.

आणि तात्या म्हणत होते, “वाईच डावीकडं.”

माझं डोकं फिरलं. लेकीला ओढून घेतलं आणि ओरडले, “तात्या, परवा विहारात काय सांगत होता तुम्ही लोकांना?”

तात्यांनी मान वळवली. “सूनबाई, भाषण येगळं आन् कंबर येगळी.”

“उठा आधी! उठा इथनं!”

“उठता आलं आसतं तर इथं कशाला आलो आसतो?”

शेवटी आक्कांनी आणि मी त्यांना दोन बगलांतून धरून उभं केलं. आज सांगताना मला हसू येतं, त्या दिवशी आलं नाही. मी रडत होते आणि रडत रडत बोलत होते, सासूला काय बोलू नये ते सगळं बोलले. आत्याबाई एकच म्हणत राहिल्या, “पाच मिन्टं काढला. पाच मिन्टानं काय व्हतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुणं गाठलं. सोनोग्राफीत गोळा खोबणीबाहेर दिसला. आधीच्या आठवड्यात तो आत होता. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, “कशानं झालं ते ठामपणे सांगता येणार नाही. पट्टा परत नीट लावते. तीन आठवडे देऊ. तेवढ्यात आत बसला नाही तर पट्टा थांबवावा लागेल, मग भूल आणि प्लास्टर.”

तीन आठवडे. मी त्याच दिवशी नवऱ्याच्या टेंपोत घालून शिलाई मशीन घरी आणलं. नवरा मुलखाचा शांत, तो भीतभीत म्हणाला, “अगं, तात्यांना वाईट वाटलंय.” मी म्हटलं, “कमरेला विचार, तिला काय वाटतंय ते.” मग साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, निळा खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे लाथ मिळत नाही. उसण भरल्यास सरकारी दवाखान्यात जावे. पुठ्ठा दाराला ठोकला. आळीत आग लागल्यासारखं झालं. सुनेच्या डोक्यात हवा गेलीय, शिकल्याची मिजास आहे, दारात आलेल्या दुखण्याला नाही म्हणते, काय न् काय.

तरी माणसं यायचीच. एक पाहुणा मोटारसायकलवर तिरका बसून आला, उतरायला त्याला दोन मिनिटं लागली. म्हणाला, “पाटी वाचली वो ताई. लाथ नगं, निस्ता आंगठा लावला लेकराचा तरी चालंल.”

“पावणं, अंगठा तुमच्या सातबाऱ्यावर लावा,” मी मशीनवरूनच म्हटलं.

पण खरी राखण केली ती आक्कांनी. दारात पोतं टाकून बसायच्या, मांडीवर ब्लाउज, हातात सुई. आयुष्यभर लोकांसमोर उभं राहायचं टाळलेली बाई, कुणी आलं की आता मुद्दाम उभी राहायची, दोन पावलं चालून दाखवायची आणि म्हणायची, “ह्ये बघा. आसं पायजे व्हय आमच्या पोरीचं?” माणूस खाली मान घालून जायचा. मी आतून ऐकायचे आणि मशीन थांबायचं माझं.

आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, मीही बोलत नव्हते. त्या लेकीचे लंगोट धुवायच्या, कोमट पाण्यात फडकं पिळून तिची मान, काखा, बोटांच्या बेचक्या पुसायच्या. पट्टीच्या कडेपर्यंत हात यायचा आणि तिथून मागं जायचा. पट्टीखाली कातडी लाल झालेली त्यांनीच आधी पाहिली आणि आक्कांकरवी मला कळवलं. मी जुन्या सुती साडीच्या घड्या शिवून तिथं सरकवल्या.

तिसरा आठवडा संपला त्या सकाळी मी पिशवी भरत होते, तर आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात उभ्या. “मी बी येती,” एवढंच म्हणाल्या. आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. आम्ही तिघी गेलो. एसटीत लेक त्यांच्या मांडीवर होती आणि सगळ्या वाटेत त्यांनी दोन्ही हात तिच्या गुडघ्यांवरून काढले नाहीत.

सोनोग्राफीच्या खोलीत मी लेकीला टेबलावर ठेवलं. नाही बसला तर काय, याचा विचार मी तीन आठवडे दारात उभा केला नव्हता, तो आता एकदम आत घुसला. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. मग पडदा आमच्याकडं वळवला. “हा गोळा. ही खोबण. आत आहे, आणि छान बसलाय.”

मी भिंतीला टेकून रडले, लाज न बाळगता. आत्याबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. त्या करड्या चित्रातलं त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण बघत राहिल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, “हिचं बसलं. मोठ्या माणसाचं आसं बसतंय का?”

“नाही, आजी. कोवळं असतं तोवरच. मोठेपणी फार दुखायला लागलं तर ऑपरेशन करून सांधा बदलतात, पण पट्ट्यानं असं नाही बसत.”

त्यांनी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. आक्का बाहेर बाकड्यावर लेकीचं झबलं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं का, ते मी कधी विचारलं नाही.

पट्टा पुढं आणखी दोन महिने राहिला, मग थोडा थोडा वेळ काढत गेलो. पुढच्या एक्स-रेत खोबण चांगली खोल झालेली दिसली. पण आमच्या आळीचा एक्स-रेवर विश्वास नाही. चालू दे, मग बघू, असं जो तो म्हणायचा. लेक रांगली, भिंत धरून उभी राहिली, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या डाव्या पायावर. मी वरून ताठ होते, पण खरं सांगते, रात्री ती झोपली की मीही तिचा डावा पाय चाचपून बघायचे.

तेरावा महिना सरता सरता एका संध्याकाळी अंगणात मी तिला उभी केली. आत्याबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या, आक्का त्यांच्या पायाशी. शेजारच्या दोन बाया काही ना काही निमित्तानं आलेल्याच. लेकीनं माझं बोट सोडलं. एक पाऊल, दोन, मग धपकन बसली. उठली आणि परत निघाली. या वेळी सात पावलं गेली. पाय फाकलेले, हात हवेत, पोट पुढं. डावं पाऊल पडलं, उजवं पडलं, आणि दोन्ही खुबे एका रेषेत. कुठंच झुकली नाही. शेजारीण म्हणाली, “आगं बया, सरळ चालती की!” मी तिला म्हटलं, “मग काय वाटलं होतं तुम्हाला?”

आक्का हसल्या नाहीत. लेकीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, “आई, मला बी पट्टा लावला आसता, तर मी आशी चालली आसते?”

मला वाटलं, आता आत्याबाई म्हणतील, तवा कुठं व्हतं ह्ये समदं, कुणाला म्हाईत व्हतं. ते खरंही होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्यही केलं असतं.

आत्याबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. “व्हय,” त्या म्हणाल्या. “चालली आसतीस. मीच बांधलं व्हतं गं तुजं पाय.”

आक्कांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “येवढंच ऐकायचं व्हतं, आई,” त्या म्हणाल्या. “मी चाळीस वर्सं लोकांना सांगत आले, माज्यातच खोट हाय म्हणून.”